दीड आटा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात. एक फराळ करणाऱ्यांचा आणि दुसरा त्यांच्या पायांत येणाऱ्यांचा. मी जन्मभर दुसऱ्या पक्षाचा निष्ठावंत सभासद आहे. पण गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, देवगाव रंगारीच्या आमच्या जुन्या घरी माझ्या हातून जो अपराध घडला, तो त्या पक्षाच्या परंपरेतही बसण्यासारखा नव्हता. चकलीची भाजणी मळण्यासाठी आईने घासूनपुसून ठेवलेली परात मी गुपचूप गोठ्यात नेली, तीत पेट्रोल ओतले आणि त्या पेट्रोलात एक कार्बोरेटर बुडवला.

आईचे वय पंच्याऐंशी. डोळ्यांना कमी दिसते, पण नाक शाबूत आहे. ती काठी टेकत गोठ्याच्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आता ह्या परातीत चकल्या करू, का मोटारीलाच नैवेद्य दाखवू?"

मी म्हणालो, "आई, नानांची गाडी सुरू करायचीय."

यावर ती काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. आणि मग "दुसरी परात माळ्यावर आहे, ती काढून दे," एवढे सांगून परत गेली. आमच्या घरात नानांच्या गाडीला अशी सवलत पहिल्यापासूनच मिळत आली आहे.

नाना म्हणजे आमचे वडील. गावात त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. त्यांची गाडी म्हणजे १९६८ सालची फियाट, अकराशे डी. १९७४ साली त्यांनी ती औरंगाबादेहून (त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे) जुनी म्हणून विकत घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला. तिथे इटलीच्या फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांतल्या एका जुन्या जातीला तिच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. आमची तिच्यानंतरची, जरा सभ्य चेहऱ्याची. हिचेच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' असे नामकरण झाले आणि काळ्यापिवळ्या रंगात तिने मुंबईकरांच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तशी शेवटची टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त केली. आम्हांला मात्र पद्मिनीपेक्षा आमची साधी अकराशे डीच राजघराण्यातली वाटे. चार सिलेंडर, १०८९ सी.सी.चे इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला. नाना तो अशा ऐटीने ओढत, की शेजारी बसलेल्या रोग्याचा निम्मा आजार तिथेच हटावा.

२००९ साली नाना गेले. नंतर दहा वर्षे दादाने गाडी चालवली. मग ती गोठ्यात जी उभी राहिली ती राहिलीच. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्याची मुदत डिसेंबरात संपत होती. दादाचे म्हणणे सरळ होते. "भंगारवाला चांगला भाव देतोय. गोठ्यात आल्याची पोती ठेवायला जागा होईल. आणि तुला तिचं एवढं प्रेम कधीपासून आलं रे? सत्तेचाळीस वर्षांत तू तिच्या बॉनेटला हात लावला नाहीस!"

दादाने हिशेब अगदी बरोबर केला होता. का हात लावला नव्हता, ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते मी कोणालाच सांगितले नव्हते. एका माणसाला सांगितले, पण त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही.

ती गोष्ट १९७८ सालच्या भाद्रपदातली. मी तेरा वर्षांचा होतो. औरंगाबादचे उस्ताद गाडी बघायला येत, तेव्हा मी त्यांच्याजवळून हलत नसे. ते इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरचा एक लहानसा स्क्रू पेचकसाने किंचित फिरवत, आणि इंजिनाचा सूर बदले. घोगरा आवाज गोड होई, थरथर थांबे. मला तो जादूचा प्रयोग वाटे. एके दिवशी संध्याकाळी नाना दवाखान्यात असताना मी बॉनेट उघडले आणि तो स्क्रू फिरवला. किती, तेही मला पक्के आठवते. दीड आटा. मग पावलांचा आवाज आला, आणि मी बॉनेट मिटून पळालो.

त्याच रात्री दोनच्या सुमारास दाराची कडी वाजली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस कंदील घेऊन आला होता. त्याची बायको अडली होती. नाना बॅग घेऊन गाडीत बसले. स्टार्टर कण्हत राहिला. गाडी काही सुरू होईना. मी पांघरुणातून प्रत्येक प्रयत्न ऐकत होतो. पेट्रोलचा वास अंगणातून थेट घरात आला. शेवटी नानांनी गाडीचे दार आपटले, शेजाऱ्याची बैलगाडी जुंपायला लावली आणि ते चिखलातून गेले. उजाडल्यावर परत आले तेव्हा आईने काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "बाई वाचली. मूल गेलं."

दोन दिवस मी नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी नानांपुढे उभा राहून सगळे सांगून टाकले. ते रागावतील, मारतील, असे वाटले होते. निदान मारावे अशी माझी इच्छा होती. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हटले, "अरे बाबा, तुझ्या हातानं नाही बंद पडली ती. फ्लोट गेला होता."

फ्लोट म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते. मोठी माणसे लहान मुलांना 'देवाच्या घरी गेले' म्हणतात, त्यातलाच हा काहीतरी शब्द असावा, असे मी धरले. माझे मन दुखू नये म्हणून नाना खोटे बोलले, हे मी ठरवून टाकले. आणि त्या खोट्याबद्दल त्यांच्यावर प्रेमही केले. पण अपराध माझा माझ्याकडेच राहिला. पुढे मी मास्तर झालो. अमुक मुलाने खोडी केली, अशी तक्रार आली की माझा हात उचललाच जात नसे. मुलांना वाटे, सर फार मवाळ आहेत.

आता तुम्ही विचाराल, की सत्तेचाळीस वर्षांनी मग कशाला उघडलात? खरे सांगायचे तर आईमुळे. ती म्हणाली, "ह्या गाडीतून एकदा वेरूळला जाऊन घृष्णेश्वराचं दर्शन करायचंय. मग खुशाल द्या भंगारात." दादा म्हणाला, नव्या गाडीतून नेतो. आई म्हणाली, नव्या गाडीत बसल्यावर दवाखान्यात नेताहेत असे वाटते. यावर कोणाजवळ उत्तर नव्हते.

बॅटरी आणि ब्रेकचे काम उस्तादांचा मुलगा येऊन करून गेला. तोही आता साठीला आलेला उस्तादच आहे. कार्बोरेटर मात्र मी स्वतः उघडणार, असे मी म्हणालो. तो हसला. "सर, शाळेत शिकवण्यापेक्षा सोपं आहे. फक्त जे काढाल ते काढल्या क्रमानं मांडा. आणि जेटमध्ये तार घालू नका. काही अडलं तर फोनवर दाखवा."

तरुण वाचकांसाठी इथे थोडे थांबले पाहिजे, कारण कार्बोरेटर हा प्राणी आता नामशेष होत आला आहे. मोटारींतून तो कधीच गेला. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले आणि नव्या मोटारसायकली-स्कूटरींतूनही गेला. आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते संगणक ठरवतो. पूर्वी ते हवाच ठरवीत असे.

ढेकूण मारण्यासाठी घरोघर फ्लिटचा पंप असे, तो आठवा. दांडा दाबला, की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जाई आणि डब्यातले औषध आपोआप वर चढून त्याचे तुषार उडत. कार्बोरेटरचे मर्म तेवढेच. इंजिन हवा ओढते. ती हवा एका नळीतून जाते आणि त्या नळीची कंबर मध्येच बारीक केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो; घटलेल्या दाबामुळे शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक भोकातून वर येते आणि हवेत मिसळते. डॅनिएल बर्नुलीने १७३८ सालीच आपल्या ग्रंथात या नियमाचा पाया घातला, आणि १७९७ मध्ये इटलीच्या व्हेंच्युरीने अरुंद नळीतल्या प्रवाहाबद्दल लिहिले. त्या बारीक कंबरेला आजही व्हेंच्युरीचेच नाव आहे. पुढे १८९३ साली बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या दोघांनी तुषारांच्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. एका फुलवालीला फुलांवर पाणी फवारताना पाहून त्यांना ती कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, दिवाळी अंकात शोभण्यासारखी आहे.

सगळा खेळ प्रमाणाचा. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! आपण पंपावर पैसे मोजतो ते एका भागाचे. बाकीचे चौदा-पंधरा भाग परमेश्वर फुकट घालतो. पेट्रोल जास्त झाले तर इंजिन काळा धूर ओकते, कमी झाले तर खोकते. स्वयंपाकातल्या मिठासारखेच हे.

आमचा कार्बोरेटर सोलेक्स जातीचा. त्यावर ३२ हा आकडा. म्हणजे खालच्या तोंडाचा व्यास ३२ मिलिमीटर. एकेक भाग सुटत गेला, तसतसा मी तो वर्तमानपत्रावर मांडत गेलो. पितळेचे जेट तर तांदळाच्या कणीला लाजवतील अशा भोकांचे. त्यांच्यावर आकडे कोरलेले असतात; १२५ म्हणजे भोक सव्वा मिलिमीटरचे. तार घातली तर हे भोक नकळत मोठे होते आणि आकडा खोटा ठरतो. म्हणून पेट्रोलात भिजवायचे, सायकलच्या पंपाने हवा मारायची आणि उजेडाकडे धरून पाहायचे. पलीकडचे आभाळ गोल दिसले, की जेट साफ.

सहा वर्षांच्या मुक्कामात आत पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती. रबराचा पडदा फुगून सुरकुतला होता. उस्ताद फोनवर म्हणाला, "ही उसाची करामत." आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, ते ऊस आणि धान्यापासून करतात. ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबराला सोसत नाही. दादा आपला ऊस कारखान्याला घालतो. मी त्याला म्हटले, "तुझ्याच उसानं नानांच्या गाडीचं रबर खाल्लं." पहिल्यांदाच दादा हसला आणि चहाचा पेला हातात घेऊन माझ्याजवळ उकिडवा बसला.

त्यानंतर मी वाटीचे झाकण उचलले आणि आतला फ्लोट बाहेर काढला. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ, बंद डबी. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तसेच तिचे काम. वाटी भरली, की ती वर उचलली जाते आणि पेट्रोलची वाट बंद करते. मी ती पुसली. एका कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढा कथलाचा डाग दिलेला होता. जुना, काळवंडलेला.

मी फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरला. उस्ताद म्हणाला, "फ्लोटला भोक पडलेलं, सर. मग आत पेट्रोल शिरतं, तो बुडतो. बुडला की पेट्रोल थांबायचं नाव घेत नाही. इंजिन पेट्रोलनं भरून जातं. गाडी कितीही रगडा, सुरू होत नाही. डाग आमच्या अब्बांच्या हातचा असणार. आता कोण देतं डाग? नवा टाकतात."

माझा आवाज मला परका वाटला. मी विचारले, "आणि तो बाहेरचा लहान स्क्रू? तो कोणी दीड आटा फिरवला, तर गाडी थंडीत सुरू होणार नाही का?"

"तो? तो गाडी उभी असताना चालू राहावी म्हणून. सोलेक्समध्ये चोकची वाट वेगळी, जेट वेगळं. चोक ओढल्यावर त्या स्क्रूला कोण विचारतो? फार तर नंतर खडखड करील." मग तो थांबून म्हणाला, "का? गाडी सुरू होत नव्हती तेव्हा पेट्रोलचा वास आला होता?"

"हो. घरभर."

"मग संपलं, सर. फ्लोटच."

किती साधी गोष्ट! तो वास सत्तेचाळीस वर्षे माझ्या नाकात होता. माझ्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून तो आला होता, आणि मी त्याला माझ्या गुन्ह्याचा साक्षीदार समजत राहिलो. नाना खोटे बोलले नव्हते. ते तेरा वर्षांच्या मुलाशी, मोठ्या माणसाशी बोलावे तसे, यंत्रातले अगदी नेमके कारण सांगून बोलले होते. माझाच त्यांच्यावर विश्वास नव्हता.

रात्री आई चकल्यांचा डबा भरत होती. तिच्याजवळ बसून मी सगळे सांगितले. ती हातातली चकली तशीच धरून ऐकत राहिली.

"एवढी वर्षं तू हे मनात धरून बसलास?" ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "त्यांनीही धरलं होतं."

"म्हणजे?"

"आदल्या दिवशीच त्यांना वास आला होता गाडीखाली. मला म्हणाले, गळतंय वाटतं, उद्या बघू. त्या उद्याचं त्यांना फार लागलं. नंतर बघ, दर रविवारी स्वतः उघडून बसायचे."

मला ते रविवार आठवले. अंगणात जुने धोतर पसरून नाना कार्बोरेटर पुसत बसलेले असत आणि मी ओसरीच्या खांबाआड उभा असे. मी बिघडवले ते ते दर आठवड्याला दुरुस्त करताहेत, असे मला वाटे. ते स्वतःच्याच 'उद्या बघू'ला पुसत होते. एका गाडीच्या दोन बाजूंना आम्ही दोघे आपापला अपराध घेऊन उभे होतो. मध्ये हातभर अंतर, आणि एकाने दुसऱ्याला कधी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी नवा पडदा, नवी सुई, नवे गॅस्केट घालून मी कार्बोरेटर जोडला. फ्लोट मात्र तोच ठेवला. आधी गरम पाण्यात बुडवून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही. उस्तादच्या वडिलांचा डाग पक्का निघाला. तो लहान स्क्रू मी हलक्या हाताने पुरता आत बसवला आणि मग बाहेर काढू लागलो. "आधी दीड आटा सोडा," उस्ताद म्हणाला होता, "सुरुवात तिथूनच करतात. पुढचं कानानं." दीड आटा! मला हसू आले आणि पेचकस थोडा हलला.

दादाने चोक ओढला. चौथ्या प्रयत्नाला गाडी शिंकली, पाचव्याला खोकली, आणि सहाव्याला गोठा धुराने भरून टाकून ती चालू झाली. गोठ्यातली म्हैस दोरी तोडायला निघाली. इंजिन तापले तसा चोक आत ढकलला. मी कान लावून स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर करीत राहिलो. घोगरेपणा हळूहळू गेला, थरथर थांबली. दाराशी उभी असलेली आई म्हणाली, "आता राहू दे. हाच आवाज."

पाडव्याला आम्ही वेरूळला गेलो; दादा चालवायला, मी शेजारी, आई मागे खिडकीशी. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती. कसाबखेड्याच्या पुढे लोक थांबून गाडीकडे पाहत होते आणि आई त्यांच्याकडे डॉक्टरीणबाईंच्या जुन्या रुबाबाने पाहत होती. त्या देवळात तिने काय मागितले, ते सांगितले नाही.

परतताना गाव जवळ आले तशी ती म्हणाली, "जरा वस्तीकडून घे."

ओढ्यावर आता पूल आहे, वस्तीपर्यंत डांबरी सडक आहे. दादाने पुलाशी गाडी उभी केली आणि किल्लीकडे हात नेला. "बंद करू नकोस," आई म्हणाली. वस्तीवरच्या घरांपुढे पणत्या लावायला सुरुवात झाली होती. कोणाचे तरी लहान मूल फुलबाजी फिरवीत रस्त्यापर्यंत आले, आमच्या जुनाट गाडीकडे टक लावून पाहत राहिले, आणि फुलबाजी विझताच घराकडे पळाले.

आम्ही तिघेही बोललो नाही. गाडी उभ्या जागी चालू होती. एका लयीत, न खोकता. मग दादाने गिअरचा दांडा खाली ओढला, अगदी नाना ओढत तसा, आणि म्हणाला, "आल्याची पोती ओसरीवर मावतील."